अर्धा अध्याय

जिताडा घेऊन अवधूत दारात उभा राहिला, तेव्हा सोनाआत्याला क्षणभर काही सुचेना. भाचीने कोर्टात जाऊन एका हिंदूशी लग्न लावलं, त्या जावयाला घरात घ्यावं की नाही, याबद्दलची आत्याची मतं अर्ध्या पनवेलला तोंडपाठ होती. पण गावच्या तळ्यातला, अजून शेपूट हलवणारा, हातभर लांब जिताडा दारातून परत पाठवावा की नाही, याचा तिने कधी विचार केला नव्हता. शेवटी माशाने बाजी मारली. "ये बाबा, आत ये," ती म्हणाली, आणि मासा त्याच्या हातातून घेऊन तोंड वाकडं करतच स्वयंपाकघरात गेली.

आत्याच्या भाचेसुनेला, सुनीताला, हसू आलं. तिने ते लगेच आवरलं, कारण आजचा दिवस हसण्याचा नव्हता. पडवीत भिंतीला टेकून, गोणपाटात गुंडाळलेला एक लहानसा दगड उभा होता. मालू आणि अवधूतचा दीड वर्षाचा मुलगा अथर्व जाऊन वर्ष झालं होतं. बोर्ड्यांच्या घरात माणूस मातीआड गेला की वर्षाने त्याच्या कबरीवर दगड बसवायचा आणि त्या दिवशी सगळ्या कुटुंबाने एका पंगतीला जेवायचं, ही रीत सुनीताच्या सासऱ्यांच्या, दाजींच्या वडिलांपासूनची. म्हणून चर्चमधली रविवारची उपासना आटोपून सगळे तलावापलीकडच्या दाजींच्या घरी जमले होते. जेवणं झाली की उन्हं उतरताना दगड घेऊन दफनभूमीत जायचं.

निदान काल रात्रीपर्यंत तरी असंच ठरलं होतं. पण आज सकाळी उपासना सुटल्यावर सुनीताच्या नवऱ्याने, सत्यजीतने, चर्चच्या मंडळीच्या पंचांना थांबवून घेतलं, आणि येताना रिक्षात त्याने सुनीताला सांगून टाकलं. दगड मंडळीच्या जागेत बसणार, तेव्हा मंडळीचं ऐकावं लागेल. मालूने पुढच्या रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून कबूल करायचं की तिच्या पापामुळे तिचं लेकरू गेलं. मग दगड. पाळक माणूस, घरच्यांसाठी वेगळा न्याय लावला तर लोक काय म्हणतील? हे सगळं तो अशा आवाजात बोलला की जणू आज बाजारात कांदा महाग आहे.

सुनीता लग्न होऊन आल्यापासून पाळकीणबाई होती. नवऱ्याच्या अशा आवाजाला उत्तर द्यायचं नसतं, हे तिने पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं. ती रस्त्याकडे बघत राहिली.

स्वयंपाकघरात मालू खोबरं खवत होती. चार वर्षांपूर्वी या घरातून नेसत्या वस्त्रानिशी गेलेली ही नणंद मूळची बडबडी. आता तिच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे दात काढल्यासारखं व्हायचं. सोनाआत्या मासा साफ करायला मागच्या दारी गेली, तशी मालू खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, मी उभी राहीन."

"कुठे?"

"मंडळीपुढे. दादा सकाळी पायरीवरच बोलला माझ्याशी. मी हो म्हटलं."

"मालू, वेडी आहेस का? डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता. मी होते ना तिथं."

"न्यूमोनिया कशाने झाला ते डॉक्टरला काय ठाऊक?" मालूचा हात थांबला नाही. "दादाने दफनाच्या वेळी वाचलं ना सगळं. राजाने चूक केली आणि देवाने त्याचं लेकरू नेलं. शास्त्रात आहे, वहिनी. दादा काय पदरचं सांगत नाही."

खवणीवरचं खोबरं संपलं होतं, तरी मालू करवंटी घासत होती.

"आणखी एक आहे," मालू म्हणाली. "मला दिवस गेलेत."

"अगं!"

"हळू. अवधूतला ठाऊक नाही. मंगळवारी मी एकटी दवाखान्यात जातेय. मोकळी होऊन येते."

"काय बोलतेस तू?"

"मग काय करू?" आता मात्र तिने वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, त्याचंच सुनीताला भय वाटलं. "हेही जाणारच आहे ना? पाप तर तसंच आहे. अवधूतला मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. दीड वर्ष छातीशी धरायचं, चालायला शिकवायचं, आणि मग पुन्हा दादाने येऊन तेच वाचायचं? माझ्यात तेवढी ताकद राहिली नाही, वहिनी. आत्ता गेलं तर त्याला नाव तरी नसेल."

सुनीताने तिला जवळ घेतलं. पण तिच्या डोक्यात त्या क्षणी मालू नव्हती, एक वर्षापूर्वीची संध्याकाळ होती. उपदेश तयार करताना सत्यजीत खोलीत येरझाऱ्या घालायचा आणि सुनीता मोठ्याने शास्त्र वाचून दाखवायची, हा त्यांचा लग्नापासूनचा रिवाज. खरं सांगायचं तर त्यांच्या संसारातली तीच एक वेळ तिला मनापासून आवडायची. अथर्वच्या दफनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढायला सांगितला. ती वाचत गेली. सातव्या दिवशी ते लेकरू मेलं, इथवर आली आणि तिने पान उलटलं, तर तो म्हणाला, "बस. तिथंच थांब. पुढचं नको." तिला वाटलं, वेळ कमी असेल. तिने पुस्तक मिटलं आणि कुकर लावायला गेली. पुढे काय आहे हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मालूला.

बाहेरच्या खोलीत तोवर आवाज चढले होते.

दाजी आज बऱ्याच दिवसांनी खुर्चीत बसले होते. दाजी म्हणजे शांतवन बोर्डे, नगरकडून मिशनचे उपदेशक म्हणून आले आणि पनवेलचेच झाले. त्यांना सगळे दाजीच म्हणायचे, पोटची पोरंसुद्धा. गेल्या वर्षी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली. अथर्व गेला तेव्हा ते दवाखान्यात पडून होते, आणि सत्यजीतने दफनाला फार प्रभावी उपदेश केला, एवढंच त्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. आता ते हातातली काठी गुडघ्यात धरून एकदा थोरल्याकडे, एकदा जावयाकडे बघत होते.

"आमच्या रोडपालीत पोर गेलं तं बाया येऊन आयेच्या तोंडात घास घालतात," अवधूत म्हणत होता. तो तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आज रात्रपाळी उरकून, गावच्या तळ्यावरून तसाच आला होता. "तिला कोनी ईचारत नाय, तू काय केलंस म्हनून. आनि तुमी वरीसभर तिला त्याच गोष्टीवर धरून बसलाव."

"अवधूत, तुम्हाला आमच्या धर्मातलं कळत नाही," सत्यजीत शांतपणे म्हणाला. त्याचा शांतपणा नेहमीच दुसऱ्याला रागावल्यासारखा दाखवायचा. "आणि मी माझ्या मनचं बोलत नाही. लिहिलंय ते वाचतो. शास्त्र बोलतं, मी नुसतं तोंड."

"तं त्या तोंडातून माज्या पोराचं नाव का नाय निंगालं? मातीत घालताना तुमी एकदा पन अथर्व नाय बोललाव. हे लेकरू, हे लेकरू. नाव काय उष्टं होतं?"

सत्यजीतचे कान लाल झाले. धाकटा प्रणित मुंबईहून सकाळच्या एस.टी.ने आला होता. वाद सुरू झाला की वर्तमानपत्र उघडायचं ही त्याची लहानपणापासूनची खोड. आत्ताही त्याने कालचा पेपर तोंडापुढे धरला आणि आतूनच म्हणाला, "दादा, आपण दगड तर बसवू. बाकीचं नंतर बोलता येईल."

"नंतर काय? पंचांनी ठरवलंय."

"पंच तू म्हणशील तेच ठरवतात रे."

"बरोबरच आहे सत्याचं," मासा धुऊन आलेल्या आत्याने पदराला हात पुसले. "पाळकाची बहीण झाली म्हणून काय तिला मोकळीक? उद्या बाकीच्या पोरी हेच करतील. एकदा उभी राहून बोलली की सगळ्यांची तोंडं बंद. तिचंही मन हलकं होईल."

"आत्या, मन हलकं करायला तिला अजून किती वाकवायची?" प्रणित म्हणाला, पण पेपर खाली न घेता.

दाजींनी काठी जमिनीवर आपटली. "भूक लागली," ते म्हणाले. "अध्याय घ्या."

या घराचा एक नियम होता. रविवारी जेवणाआधी शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, आणि अध्याय उघडला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. घराला आग लागली तरच मधे उठायचं. पोरं लहान असताना याच्यावरून केवढी लबाडी चालायची! सत्यजीतची पाळी असली की तो दर वेळी दोन ओळींचं स्तोत्र काढायचा आणि दाजी मिश्यांतल्या मिश्यांत हसायचे. एकदा प्रणितने नकळत सगळ्यांत लांबलचक स्तोत्र उघडलं, तर मटण थिजलं आणि नगरचे पाहुणे अर्धपोटी एस.टी. स्टँडकडे पळाले, पण दाजींनी एक ओळ सोडू दिली नाही. लकव्यानंतर दाजी आत खाटेवरच जेवायचे, मग पंगतीत सत्यजीत त्याला हवा तेवढा उतारा वाचू लागला. नियम कोणी मोडला असं नाही. म्हातारा माणूस आत पडला आणि नियमही त्याच्याबरोबर आत पडला, इतकंच.

कालवण उकळून खाली उतरलं, तशी पानं मांडली. मालू भिंतीला लागून बसली, तिच्या शेजारी अवधूत. सत्यजीतने पुस्तक उघडलं. तो कुठला अध्याय काढणार हे सुनीताला त्याच्या बोटांवरूनच कळलं. कालवणाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

त्याचा आवाज चांगला होता, हे कोणीही मान्य केलं असतं. दाविद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं, त्यानंतरचा हा अध्याय. नाथान संदेष्टा राजाकडे आला आणि गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगून त्याने राजाला त्याच्याच तोंडून दोषी ठरवलं. सत्यजीत वाचत होता आणि मधूनच मालूकडे बघत होता. तुला झालेलं लेकरू मरेल, हे वाक्य त्याने सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून वाचलं. मालूने डोळे मिटले. मग राजाने उपास धरला, तो जमिनीवर पडून राहिला, आणि सातव्या दिवशी लेकरू मेलं.

सत्यजीतने पुस्तक मिटलं. "आमेन. सुनीता, वाढ."

सुनीता हलली नाही.

"वाढ ना. थांबलीस काय?"

"अध्याय राहिलाय," सुनीता म्हणाली.

"काय?"

"अध्याय संपला नाही अजून. या घरात त्याआधी वाढत नाहीत."

पातेलं तिने खाली ठेवलं नाही. नवऱ्याला चार माणसांत उलटून बोलण्याची तिची ही पहिली वेळ. सोनाआत्याने डोळे वटारले. "अगं, पाळकाने आमेन म्हटलं की झालं. तू कोण गं शिकवणारी?"

"वहिनी, मासा गार होतोय," प्रणित पुटपुटला.

"होऊ दे."

"सुनीता," सत्यजीत म्हणाला. रिक्षातला आवाज. "आत जा."

"कुठं थांबला तो?" दाजींनी विचारलं.

सुनीताच म्हणाली, "लेकरू गेलं तिथं."

दाजींनी मान वळवून मुलाकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "तिथं कोण थांबतं?" ते म्हणाले.

"दाजी, उतारा तेवढाच होता. मी मुद्द्यापुरतं—"

"दफनाला पन हाच वाचला होता," अवधूत म्हणाला. "आनि हितंच थांबले होते. माज्या ध्यानात हाय. त्या दिवसाचं सगलं ध्यानात हाय माज्या."

दाजींचा चांगला हात काठीवर घट्ट आवळला गेला होता. "सूनबाई, पातेलं खाली ठेव," ते म्हणाले. "तू वाच."

"मी पाळक आहे, दाजी."

"मंडळीत. इथं अजून मी जिवंत आहे."

सुनीताने हात पुसले आणि सत्यजीतच्या पुढ्यातून पुस्तक उचललं. त्याने ते दिलंही नाही आणि अडवलंही नाही. ती तिथंच, उभ्याउभ्या वाचू लागली. लेकरू गेल्याचं राजाला सांगायला चाकर घाबरत होते. पण राजा उठला, त्याने अंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या घरी जाऊन नमन केलं आणि घरी येऊन जेवायला मागितलं. चाकर म्हणाले, हे काय? तर तो म्हणाला, लेकरू होतं तोवर मी रडलो. आता मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे येणार नाही. मग त्याने आपल्या बायकोचं सांत्वन केलं. तिला पुन्हा मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी शलमोन ठेवलं.

इथं सुनीताने मान वर करून मालूकडे बघितलं. ती थांबली, तर सत्यजीत म्हणाला, "पुरे." तिने नजर परत पानावर आणली आणि पुढची ओळ वाचली. त्या मुलावर देवाचं प्रेम होतं. आणि ते सांगायला देवाने त्याच नाथानाला पाठवलं, त्या मुलाला आणखी एक लाडकं नाव देऊन.

"वहिनी, ते परत वाच," मालू म्हणाली.

सुनीताने परत वाचलं.

"परत."

तिने तिसऱ्यांदा वाचलं. मग दाजी म्हणाले, "पुढे," आणि ती नियमाप्रमाणे शेवटपर्यंत वाचत गेली. पुढे कुठलीशी लढाई होती, कुठलंसं नगर घेतलं, कुणाचा तरी सोन्याचा मुकुट होता. त्यातलं कोणी काही ऐकत नव्हतं, पण एकही ओळ तिने सोडली नाही. सोनाआत्याने पदर डोळ्यांना लावला होता. अक्षरओळख नसलेली ती बाई दाजी खाटेला खिळल्यापासून भाच्याने वाचलं तेवढंच शास्त्र समजत आली होती.

"आमेन," दाजी म्हणाले.

मालू उठून उभी राहिली. "दादा, हे पुढचं तुला ठाऊक होतं?"

"मालू, सगळा अध्याय उपदेशाला घेत नाहीत. प्रसंगाला लागेल तेवढा उतारा—"

"माझा प्रसंग कोणता होता?"

सत्यजीतने वडिलांकडे बघितलं, मग धाकट्या भावाकडे. प्रणितने पेपर कधीच बाजूला टाकला होता आणि तो पहिल्यांदाच थोरल्या भावाच्या नजरेला नजर देत होता. कुठूनच आधार मिळेना, तसा सत्यजीतच्या आवाजातला शांतपणा सुटला.

"तुम्हाला काय जातं बोलायला?" तो म्हणाला. "ही पळून गेली तेव्हा लोकांच्या नजरा कोणी झेलल्या? पाळकाची बहीण! दोन पंचांनी माझ्या तोंडावर विचारलं, घर सांभाळता येत नाही तर मंडळी काय सांभाळणार. माझी बदली करायला निघाले होते. मग मी काय करायचं होतं? तिच्या लेकराच्या कबरीवर उभं राहून गोड बोललो असतो, तर पुढच्या रविवारी मला व्यासपीठावर चढू दिलं असतं का? आणि दाजी, तुम्ही जन्मभर गोडच बोललात. काय मिळवलंत? चार बाकं भरत नव्हती तुमच्या वेळी. आज माणसं दारात उभी राहून ऐकतात."

दाजींनी ते सगळं ऐकून घेतलं. लकव्यामुळे त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. आज कोणी त्यांना घाई केली नाही.

"मी खेड्यांत फिरायचो," ते म्हणाले. "समोर बसायचे त्यांना वाचता यायचं नाही. एकालाही नाही. मी वाचीन तेच देवाचं, असं धरून चालायची बिचारी. मी एखादी ओळ गाळली असती तर कोणाला कळलं असतं? मला त्याची फार भीती वाटायची, सत्या. रात्री झोप लागायची नाही. म्हणून तो नियम केला. तुम्हाला वाटायचं, म्हातारा पोरांना उपाशी ठेवतो. तो नियम मी माझ्यासाठी केला होता."

"दाजी—"

"नाथान राजाकडे गेला होता. ज्याच्या हातात तलवार होती त्याच्याकडे. तू कोणाकडे गेलास? पोर पुरलेल्या आईकडे. आणि कशासाठी? तुझं व्यासपीठ राहावं म्हणून." त्यांना धाप लागली. "तिला वाचता येतं. घरात पुस्तक आहे. तरी तिने उघडून बघितलं नाही. का? तर भाऊ खोटं वाचणार नाही, असं तिला वाटलं."

"मी एक शब्द खोटा वाचलेला नाही!"

"नाही वाचलास," दाजी म्हणाले. "तेच तर."

सत्यजीत उठला. पान त्याने पायाने सरकवलं नाही, तेवढा संयम त्याच्यात होता. पायात चपला सरकवताना त्याने सुनीताकडे बघून, "चल," म्हटलं. ती पातेलं उचलून वाढायला वाकली होती. ती तशीच वाकलेली राहिली. दोनदा बोलवायचा त्याचा स्वभाव नव्हता. फाटकाची कडी वाजली आणि तो गेला.

"त्याचं पान झाकून ठेव गं," सोनाआत्या हलक्या आवाजात म्हणाली. सुनीताने ते वाढून त्याच्यावर ताट पालथं घातलं.

"वहिनी, मला वाढ," मालू म्हणाली.

जिताड्याचं कालवण गार झालं होतं. त्याच्यावर तेलाचा पापुद्रा धरला होता. मालूने भात कालवला, पहिला घास घेतला आणि मग तिला रडू फुटलं. वर्षभराचं साठलेलं रडू, भाताच्या घासासकट. अवधूतने तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी ती रडत होती आणि रडता रडता जेवत होती. सोनाआत्या उठली. जाडजूड अंग सावरत ती मालूच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने माशाचा एक काटा काढलेला तुकडा आपल्या हाताने भाचीच्या तोंडात घातला. अवधूतकडे मात्र तिने बघितलं नाही. तेवढा ताठा तिने शिल्लक ठेवला होता.

"मी पुढच्या रविवारी उभी राहणार नाही," मालू नाक पुसत म्हणाली.

"कोण सांगतंय तुला," दाजी म्हणाले.

"आणि अवधूत, मंगळवारी सुट्टी घे. दवाखान्यात जायचंय."

"का? काय होतंय?"

"नाव घालायचंय."

अवधूतचा हात पानावरच राहिला. अर्थ त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग त्याने मान खाली घातली आणि भाताच्या ढिगाकडे बघत राहिला. रात्रपाळीने तांबारलेले त्याचे डोळे भरून आले होते. सुनीता काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

उन्हं उतरल्यावर त्यांनी दगड नेला. पंचांची परवानगी कोणी विचारली नाही. एका बाजूने अवधूत आणि दुसऱ्या बाजूने प्रणित, ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर माती लागली तरी. दाजींना रिक्षात घालून नेलं. दफनभूमीचा राखणदार काशिराम आधी कुरकुरला, पाळकसाहेबांनी सांगितलं नाही म्हणाला, पण दाजींनाच समोर बघून त्याने मुकाट्याने फाटक उघडलं. दगडावर फक्त नाव होतं. खाली शास्त्रातल्या वचनासाठी कोरी जागा सोडली होती, ते सत्यजीत निवडणार होता. दाजींनी ती जागा तशीच ठेवायला सांगितली. प्रार्थना त्यांनी केली, अडखळत आणि लहानशी. तिच्यात चार वेळा अथर्व म्हटलं.

सुनीता घरी परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. सत्यजीत बाहेरच्या खोलीत अंधारातच बसला होता. तिने दिवा लावला. उजेडात तिला तो एकदम थकलेला दिसला, आणि तिला त्याची दया आली. दया आली म्हणून रागही आला. इतकी वर्षं ज्या आवाजावर ती भाळून होती, त्या आवाजात आता ती कधीच निवांत बसून काही ऐकू शकणार नव्हती, हे तिला कळून चुकलं होतं.

"झाकलेलं पान आणलंय," ती म्हणाली. "गरम करू?"

"नको."

"भात टाकते मग. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

ती आत वळली, तसं त्याने विचारलं, "सुनीता, हे मंडळीत कोणाकोणाला सांगणार आहेस?"

ती थबकली. ती घरी आल्यापासून त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मालूचं नाव नाही, दाजींचं नाही, दगड बसला का तेही नाही.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "पुस्तक सगळ्यांच्या घरी आहे."

आणि तांदूळ धुवायला ती आत गेली.